ओला मोजा आणि बधिर चवडा : सिंहगडाच्या वाटेवरील एक प्रकरण अभ्यास

घटना आणि पूर्वपीठिका

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सव्वाआठच्या सुमारास, सिंहगडाचा घाट उतरून गोळेवाडीच्या नाक्यापाशी थांबताना, आमच्या गटातल्या एक ताई सायकलसकट उजव्या कुशीवर पडल्या. वेग जवळजवळ संपलेला होता, रस्ता कोरडा होता, समोरून वाहन आलेले नव्हते आणि ब्रेकही नीट लागले होते. पडण्याचे कारण इतकेच की क्लीटने, म्हणजे बुटाच्या तळाला बसवलेल्या आणि पॅडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीने, पॅडलला जखडलेला उजवा पाय वेळेवर सुटला नाही. पॅडलमधून पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला वळवावी लागते, आणि ही क्रिया ताई गेली तीन वर्षे विचारही न करता करत आल्या आहेत. कोपर खरचटले होते, त्यावर पाणी ओतून झाले, आणि मग त्या म्हणाल्या, "काका, मी पाय वळवला असंच मला वाटलं हो. तो वळलाच नव्हता." थंडीने पाय गारठतात ही तक्रार आपण सगळेच करतो आणि सोडून देतो, पण पाय वळला की नाही हेच कळेनासे होणे ही निराळी गोष्ट आहे, आणि म्हणून हे प्रकरण मुळापासून तपासायचे मी ठरवले.

ताईंचे वय ४७, नोकरी बँकेत, राहणे कर्वेनगरात. आमचा रविवारचा रस्ता ठरलेला आहे : पहाटे पाचला राजाराम पुलावरून सिंहगड रस्त्याला लागायचे, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी, खडकवासल्याच्या धरणाकाठून डोणजे, आणि सहा-सव्वासहापर्यंत घाटाच्या तोंडाशी. पुढचा घाट साधारण आठ-नऊ किलोमीटरांचा आणि सहाशे मीटरांच्या आसपास चढाचा. ताईंना तो चढायला सत्तर मिनिटे लागतात. वर गाडीतळापाशी चहा, पिठलं-भाकरी, अर्धा-पाऊण तास गप्पा, आणि मग पंचवीस मिनिटांत खाली. नोव्हेंबरच्या मध्यापासून त्यांच्या पायाची बोटे दर रविवारी बधिर होत होती. आधी ती खडकवासल्याला बधिर होत आणि चढावर पूर्ववत होत, परंतु पुढे उतारावर पुन्हा बधिर होऊन घरी पोचेपर्यंत तशीच राहू लागली. संध्याकाळी करंगळीला खाज सुटते आणि ती जांभळट दिसते, हेही त्यांनी त्याच दिवशी प्रथम सांगितले.

इथे माझी एक चूक नोंदवली पाहिजे. नोव्हेंबरात त्यांनी पहिल्यांदा विचारले तेव्हा "मोज्यांचे दोन जोड घाला" असा सल्ला मीच दिला होता, आणि त्यांनी तो मनापासून पाळला होता.

रस्त्याकडेला केलेली पाहणी

ताईंना नाक्याजवळच्या कठड्यावर बसवून आम्ही बूट उतरवले. बूट पुढून जाळीचे, तळ कडक, वरून दोन पट्टे. पट्टे सोडवताच पायाच्या वरच्या भागावर दोन खोल आडवे वळ दिसले आणि ते दहा मिनिटांनंतरही पुरते भरून आले नाहीत. आतला सुती मोजा चवड्यापासून पुढे ओला होता, इतका की बोटांच्या टोकाशी चिमटीत धरून पिळल्यावर थेंब गळला. टाचेकडचा भाग मात्र जवळजवळ कोरडा होता. बोटे पांढरी पडली होती. अंगठ्याचे नख दाबून सोडले की निरोगी, उबदार पायाचे नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते; इथे सहा मोजून झाले तरी रंग पुरता परतला नव्हता.

पाऊस नाही, दवात चालणे नाही, रस्त्यावर कुठे पाणी साचलेले नाही. मग मोजा ओला कशाने झाला? उत्तर एकच होते, आणि ते मला आधीच सुचायला हवे होते : तो बाहेरून ओला झालेला नव्हता, घाटाच्या चढावर आलेल्या घामाने आतून ओला झाला होता.

कारणांचा शोध

पायाच्या बोटांत स्वतःची ऊब निर्माण करणारा स्नायू फार थोडा असतो. तिथली ऊब येते ती रक्ताबरोबर. बाहेर गार झाले की शरीर छाती-पोटाची उष्णता राखण्यासाठी हातापायांच्या टोकांकडच्या रक्तवाहिन्या आकसून घेते, आणि बोटांकडे जाणारे गरम रक्त कमी होते. ही सोय आपल्या जिवासाठीच आहे, परंतु तिची किंमत बोटे मोजतात. त्यातच वरून घट्ट आवळलेला पट्टा असेल, तर आधीच कमी झालेल्या प्रवाहाला आणखी अडथळा होतो. मी सांगितलेला दुसरा मोजा ऊब वाढवण्याऐवजी बुटातली जागा खाऊन बसला होता. मोजा ऊब देतो तो स्वतःच्या धाग्यांपेक्षा धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. मोजा दाबला गेला की ती हवा जाते, आणि उरते ती फक्त चेपलेली कापडाची घडी.

सायकलवर आणखी एक अडचण असते. ताईंच्या मांड्या आणि पोटऱ्या तासभर राबतात, पण पाऊल मात्र कडक तळाच्या बुटात जखडलेले, न वाकणारे, एकाच जागी चवड्यावर दाब घेणारे राहते. आमच्या भागात पहाटे पाचला पेपर टाकणारी मुले मी रोज पाहतो. त्यांच्या पायांत कधी नुसत्या चपला असतात, कधी चपलेत मोजे, तरीही पाय बधिर झाल्याची तक्रार मी त्यांच्याकडून ऐकलेली नाही. मी एकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, दर बिल्डिंगला उतरतो ना आपण." दर दोन-तीन मिनिटांनी उतरणे, जिना चढणे, पाऊल टाच-चवडा-बोटे असे वाकवणे, यांतून रक्त हलते राहते. क्लीटच्या बुटात तास-दीड तास बसलेल्या पावलाला हे सुख नाही. शिवाय क्लीट बसवण्यासाठी तळाला छिद्रे असतात, तिथे धातूची पट्टी आणि स्क्रू येतात, आणि हे सगळे नेमके चवड्याखाली असते. धातूतून उष्णता झपाट्याने निघून जाते आणि छिद्रांतून गार हवा आत येते.

वाऱ्याचा हिशेबही मांडून पाहिला. हँडलला बांधलेल्या छोट्या तापमापकावर त्या पहाटे नांदेड फाट्याजवळ ९ अंश सेल्सिअस दिसत होते आणि आम्ही ताशी २२ किलोमीटरांनी चाललो होतो. हवामानशास्त्रात वाऱ्याने वाढणारा गारवा काढण्याचे जे प्रचलित सूत्र आहे, त्याने हा गारवा सुमारे ६ अंशांच्या स्थिर हवेसारखा येतो. ते सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी बसवलेले आहे, पायासाठी नाही; पण पुढून जाळी असलेला बूट वाऱ्याला फारसा अडवत नाही, एवढे त्यावरून लक्षात घ्यायला हरकत नाही.

पुण्याची थंडी ती कितीशी, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. शहरातला आजवरचा नीचांक १.७ अंशांचा, तोही १७ जानेवारी १९३५ रोजीचा. एरवी डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा अंश म्हणजे आपल्याकडे कडाक्याची थंडी. पाणी गोठण्याच्या कितीतरी वर असलेल्या या तापमानात पायाला काय होणार, हा समज मला घातक वाटतो. बोटांना खाज, जांभळट सूज आणि दाह आणणारा चिलब्लेन्स नावाचा विकार गोठणबिंदूच्या वरच्या, थंड आणि दमट स्थितीतच होतो. आपली थंडी मोजायची असेल तर तापमापकाबरोबर मोजाही पिळून पाहिला पाहिजे.

आणखी एक गोष्ट तापमापकाने दाखवली, जी सिंहगड रस्त्याने पहाटे जाणाऱ्या सगळ्यांना अंगाने ठाऊक असते. नांदेड फाट्याला ९ असलेले तापमान गडावर गाडीतळापाशी १२ होते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन लवकर निवते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते आणि उतारांवरून ओघळून मुठेच्या खोऱ्यात साचते. म्हणून पहाटे खाली जास्त गारठा असतो आणि वर कमी. ताईंच्या बाबतीत याचा अर्थ महत्त्वाचा होता. वर उबदार वाटल्यामुळे त्या ओल्या मोज्यांसकट निवांत बसत, आणि उतरताना मात्र पॅडल न मारता, म्हणजे अंगात नवी उष्णता जवळजवळ तयार न करता, ताशी तीस-पस्तीस किलोमीटरांच्या वाऱ्यात, सावलीतल्या वळणांवरून पुन्हा त्या गार हवेत शिरत.

चार रविवार

कोणतेही बदल करण्याआधी ताईंना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. पाय बधिर होण्यामागे मधुमेहाने मज्जातंतूंना झालेली इजा असू शकते, थायरॉइड मंदावलेले असू शकते, रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातली औषधेही हातपाय गार पाडतात. हे सगळे बाजूला सारल्याशिवाय बुटांशी खेळणे मला योग्य वाटले नाही. साखर आणि थायरॉइड ठीक निघाले, हिमोग्लोबिन मात्र १०.८ आले. प्रौढ स्त्रीत ते १२ च्या खाली असले तर रक्तक्षय समजतात, आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांचा गुण यायला आठवडे लागतात. खाली दिलेला पहिला फरक चारच दिवसांनी दिसला, त्यामुळे तो गोळ्यांचा मानता येत नाही. पुढच्या सुधारणेत त्यांचा वाटा असणे शक्य आहे.

बदल एका वेळी एकच करायचा, असे आम्ही ठरवले. पहिल्या रविवारी फक्त दुसरा जोड काढला आणि पट्टे एवढे सैल ठेवले की बुटाच्या आत पाचही बोटे पियानो वाजवल्यासारखी हलवता यावीत. खडकवासल्यापर्यंत पाय जागे राहिले. हा फरक ताईंना इतका अनपेक्षित होता की धरणाच्या भिंतीपाशी त्यांनी थांबून पुन्हा पुन्हा बोटे हलवून पाहिली. उतारावर मात्र स्थिती पूर्वीसारखीच झाली.

दुसऱ्या रविवारी वर पोचल्याबरोबर, चहाच्या आधी, मोजे बदलले. पाय पंचाने कोरडे केले, बोटांच्या बेचक्यांतूनही पंचा फिरवला, सुकतळे काढून उन्हात उभे केले आणि बसण्याच्या वेळात ताई कोरडे मोजे व साध्या चपला घालून राहिल्या. उतरलेले मोजे झिपच्या पिशवीत बंद करून घरी नेले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले : निघताना ५२ ग्रॅम असलेला जोड ७६ ग्रॅम भरला. २४ ग्रॅम म्हणजे जेमतेम पाच चमचे पाणी. पण एक ग्रॅम घाम वाळायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे हे पाच चमचे पाणी पुरते वाळायचे तर एक लिटर पाणी जवळपास १४ अंशांनी थंड होण्याइतकी उष्णता कुठून तरी ओढली जाणार. सगळी पायातूनच जाते असे नाही, काही हवेतूनही मिळते. तरीही तो मोजा पायाला चिकटलेला असल्याने मोठा भार पायावरच येतो. शिवाय धाग्यांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की ऊब अडवण्याची ताकदही जाते, कारण पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट सहज वाहते. त्या दिवशी ताई नाक्यापाशी थांबल्या, उजवा पाय सहज सुटला, आणि नख दाबल्यावर रंग तीन सेकंदांत परतला.

या प्रकरणात सर्वांत मोठा गुण आला तो या एका गोष्टीने, आणि तिचा खर्च होता मोज्यांच्या एका जादा जोडाचा.

मोजा कशाचा, हा प्रश्न त्यानंतर आला. सुती मोजा पाणी पितो आणि धरून ठेवतो, म्हणून घामाच्या कामाला तो वाईट. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषूनही हाताला ओला लागत नाही. म्हणून पातळ मेरिनो लोकरीचे मोजे चढावर आणि उतारावर दोन्हीकडे चालतात. ते महाग पडतात हे खरे. ते परवडत नसतील तर नायलॉनमिश्रित पातळ मोजे, जे लवकर वाळतात, आणि वर बदलायला दुसरा जोड, एवढ्यावर पुण्याच्या थंडीत काम भागते असे माझे मत आहे. जाड मोजा घ्यायचाच असेल, तर बूट त्या मापाचा आधी घ्यावा.

तिसऱ्या रविवारी वारा अडवायचा प्रयत्न केला. बाजारात बुटाच्या पुढच्या भागावर चढवायची टो-कव्हरे मिळतात, पण ताईंच्या घरी लॅपटॉपचे जुने निओप्रीनचे, म्हणजे स्पंजासारख्या रबराचे, कव्हर पडून होते. ते आम्ही कोपऱ्यावर चप्पल शिवणाऱ्या मामांकडे नेले. त्यांनी बूट मांडीवर उलटा धरला, क्लीटभोवती खडूने रेघ मारली, आणि कव्हर कापण्याआधी विचारले, "खाली भोक किती ठेवू? पाय अडकायला नको ना पुन्हा?" हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. क्लीटच्या चहूबाजूंनी बोटभर जागा सोडून त्यांनी आरीने भोके पाडली, मेणाच्या दोऱ्याने दुहेरी टीप घातली आणि मागे अडकवायला इलॅस्टिक लावले. ही टोपी फक्त चवड्यापर्यंत येते. घोट्याकडची बाजू मोकळी असल्याने घामाची वाफ निघून जाते. चढताना ती खिशात ठेवायची आणि उतरण्यापूर्वी चढवायची, हा क्रम पाळला तरच तिचा उपयोग, नाहीतर तीच पाय ओला करते.

मधल्या एका दिवशी ताईंनी स्वतःहून आणखी एक प्रयोग केला होता, तो फसला, पण त्यातून पुष्कळ कळले. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्यांनी मोज्यावर, बुटाच्या आत चढवल्या होत्या. वारा अडला हे खरे, परंतु घाम बाहेर पडायला वाटच उरली नाही, आणि गडावर पोचेपर्यंत दोन्ही मोजे अथपासून इतिपर्यंत भिजले. हीच पिशवी वर मोजे बदलल्यानंतर, केवळ पंचवीस मिनिटांच्या उतारासाठी घातली असती तर बाधली नसती, कारण उतारावर घाम फारसा येत नाही.

चौथ्या रविवारी सुकतळ्याखालची क्लीटची छिद्रे चिकटपट्टीने बंद केली. ताईंना फरक जाणवला नाही. उत्तरेकडच्या कडक थंडीत तो जाणवत असावा. इथे तो खटाटोप करावाच असे मी सांगणार नाही.

शेकोटीबद्दल मात्र आग्रहाने लिहितो. बधिर झालेले पाय घेऊन ताई आधी वरच्या चुलीपाशी, आणि घरी आल्यावर कढत पाण्याच्या बादलीत, असे बसत असत. बधिर कातडीला चटका कळत नाही, त्यामुळे भाजण्याचा धोका असतो. आणि गारठलेल्या बोटांना एकदम शेक दिला की आकसलेल्या रक्तवाहिन्यांच्या मानाने रक्त फार वेगाने येते, मग सूज आणि खाज वाढते. संध्याकाळच्या खाजेचे मूळ बरेचसे इथे होते. त्याऐवजी पाय कोरडे करणे, हातांत धरून बसणे, बोटे हलवणे आणि पंधरा-वीस मिनिटे चालणे, यांनी ते सावकाश पूर्ववत होतात. ताई आता घाटातल्या दोन वळणांवर उतरून शंभर-शंभर पावले सायकल हातात धरून चालतात. पेपरवाल्या मुलाचे उत्तर त्यांनी माझ्यापेक्षा आधी अमलात आणले. करंगळीचा जांभळटपणा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. बोट पांढरे, मग निळे, मग लाल असे ठळकपणे रंग बदलत असते, किंवा जखम झाली असती, तर मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडेच पाठवले असते.

या सगळ्यात क्लीट हवेच कशाला, असा प्रश्न गटातल्या एका आजोबांनी विचारला, आणि तो रास्त आहे. ज्यांना रोज ऑफिसला सात-आठ किलोमीटर जायचे आहे त्यांनी थंडीत साधी पॅडले आणि ऐसपैस, पुढून बंद असलेले चामड्याचे बूट वापरावेत. पाऊल वाकते, सिग्नलला पाय टेकतो, आणि वरील निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. ताईंना घाटासाठी क्लीट हवे होते, म्हणून आम्ही ते ठेवले. पावसाळ्यातला ओला पाय हा वेगळा विषय. तेव्हा गारठ्यापेक्षा चिखल्यांचे भय जास्त, आणि तिथे लांब मडगार्ड आणि रात्री बुटात कोंबलेला वर्तमानपत्राचा कागद यांनीच काम होते.

अजून न सुटलेले

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी नांदेड फाट्याला तापमापकावर ८ अंश होते, म्हणजे ताई पडल्या त्या दिवसापेक्षा एक अंश कमी. वर मोजे बदलले, टोप्या चढवल्या, दोन वळणांवर चालणे झाले, आणि नाक्यापाशी दोन्ही पाय वेळेवर सुटले. उजव्या पायाची पाचही बोटे जागी होती. डाव्या पायाची करंगळी मात्र उतरल्यावर पुन्हा बधिर होती, आणि हे सलग तिसऱ्यांदा घडले.

कागदावर दोन्ही पावले ठेवून पेन्सिलीने रेघ मारली, तेव्हा ताईंचे डावे पाऊल उजव्यापेक्षा सहा मिलिमीटर लांब निघाले. बूट घेताना दुकानात एकच पाय, तोही उजवा, मापला होता, आणि खरेदी सकाळी झाली होती. दिवसभराच्या उभे राहण्याने पाऊल संध्याकाळी थोडे फुगते, हे तेव्हा कुणी लक्षात घेतले नाही. आता नवे बूट संध्याकाळी, थंडीचे मोजे घालून आणि डाव्या पायाच्या मापाने घ्यायचे ठरले आहे; उजव्या बुटात उरणारी जागा जाड सुकतळ्याने भरता येईल का, हे मामांना विचारायचे आहे. तोपर्यंत डावा पट्टा उजव्यापेक्षा एक घर सैल.